फ्लेवर बदलला की निकोटिनचा हिशेब का बदलतो?

ई-सिगारेट, म्हणजे वेप, ओढणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "५० मिलिग्रॅमचा 'मँगो आइस' हातात असला की दिवसभर सुटत नाही. तेवढ्याच ताकदीचा टोबॅको फ्लेवर घेतला तर दहा-बारा झुरक्यांत नको होतो. निकोटिन दोन्हींत सारखंच ना? मग व्यसन फ्लेवरचं लागतं का? आणि कमी करायचं तर कुठून सुरुवात करायची?"

आंब्याच्या वासाचं व्यसन लागत नाही. लागत असतं तर अत्तरांच्या बाटल्याही कोणाला सोडवल्या नसत्या. पण निकोटिनला स्वतःचा एक लगाम असतो. तो हा वास, ती गोडी आणि तो गारवा मिळून ढिला करतात, आणि काही आठवड्यांनी तोच वास तलफेची घंटा होऊन बसतो. व्यसन निकोटिनचंच. पण किती निकोटिन आत जाणार आणि दिवसातून किती वेळा त्याची आठवण होणार, हे बऱ्याच अंशी बाकीचे घटक ठरवतात. बाटलीवरचा ५० हा आकडा फक्त एका मिलिलिटर द्रवात किती मिलिग्रॅम निकोटिन आहे ते सांगतो. शरीरात किती गेलं हे झुरक्यांची संख्या, लांबी आणि खोली यांवर अवलंबून असतं.

मुळात 'फ्लेवर' हा एकच शब्द वापरून आपण तीन वेगळ्या संवेदना एका पोत्यात भरतो. त्या वेगळ्या करून बघायच्या तर एक सोपी युक्ती आहे. जे आधीपासून वेप करतात त्यांनीच ती करावी, एवढ्यासाठी नवा झुरका कोणी ओढू नये. नाक चिमटीत घट्ट धरायचं, नेहमीसारखा झुरका घ्यायचा आणि नाक बंद ठेवूनच वाफ तोंडाने सोडायची. आंबा गायब होतो. फळाची ओळख पटते ती घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वासामुळे, आणि ती वाट आता बंद असते. तरीही जिभेला गोड लागलं, तर ते ग्लिसरिन किंवा वरून घातलेला स्वीटनर. घशात गार लागत राहिलं, तर कूलंट, म्हणजे गारवा भासवणारं रसायन. टोचलं, खवखवलं, तर मुख्यतः निकोटिन. चिमूट सोडली की आंबा परत येतो. 'मँगो आइस'मधला 'मँगो' आणि 'आइस' ही दोन वेगळी रसायनं आहेत, त्यांची कामंही वेगळी आहेत, आणि झुरके वाढवण्यात 'आइस'चा हात अनेकदा मोठा असतो.

आता लगामाबद्दल. निकोटिन चवीला कडू आहे आणि घशातल्या जळजळ ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते थेट चेतवतं. त्यात टीआरपीए१ नावाचा रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन, पुढे असतो. मोहरीची झणझण ओळखणाराही तोच. नवख्या माणसाला पहिल्या झुरक्याला ठसका लागतो तो यामुळे. निकोटिन जितकं जास्त तितका ठसका जास्त, म्हणून जुन्या ई-लिक्विडमध्ये २४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर फारसं कोणी जात नसे. घसाच परवानगी देत नसे.

ही अडचण आम्लाने सोडवली. निकोटिन हा अल्कलीधर्मी पदार्थ आहे, त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं निकोटिन मोकळं आणि निम्मं बांधलेलं असतं तो आकडा, ८ च्या आसपास. द्रवाचा पीएच ९ असेल तर सुमारे ९१ टक्के निकोटिन फ्री-बेस, म्हणजे मोकळ्या रूपात असतं. ते चटकन बाष्परूप होतं आणि घशातच टोचतं. पीएच ६ वर आणला तर फ्री-बेस जेमतेम १ टक्का उरतं, बाकीचं क्षाररूपात बांधलं जातं. यालाच निक सॉल्ट म्हणतात. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या जूल या ई-सिगारेटने बेंझोइक आम्ल वापरून वजनाने ५ टक्के, म्हणजे मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम निकोटिन घशाला जाणवू न देता दिलं. हिशेब सरळ आहे: एका रेणूला एक रेणू धरला तर १६२ भाग निकोटिनला १२२ भाग बेंझोइक आम्ल लागतं, म्हणजे ५९ मिलिग्रॅमला साधारण ४४. बाकी लॅक्टिक, लेव्ह्युलिनिक, सॅलिसिलिक अशी आम्लंही चालतात. बांधलेलं निकोटिन फुप्फुसात गेल्यावर अडकून पडत नाही. तिथला पीएच ७.४ च्या जवळ असतो, त्या पीएचला पाचवा हिस्सा पुन्हा मोकळा होतो, तो रक्तात गेला की उरलेल्यातून आणखी मोकळा होतो. घशात लपलेलं निकोटिन फुप्फुसात उघडं पडतं, असं म्हणा. आम्ल हा कोणाच्या लेखी 'फ्लेवर' नाही, बाटलीवरही त्याचा उल्लेख बारीक अक्षरांत असतो; पण झुरका सहन होतो की नाही याचा निम्मा फैसला तिथेच होतो.

उरलेला फैसला गारव्याचा. थंडी ओळखणारा टीआरपीएम८ हा रिसेप्टर २००२ मध्ये सापडला. त्यावर काम करणारे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना तापमान आणि स्पर्शाच्या रिसेप्टरांच्या शोधासाठी २०२१ चं नोबेल मिळालं. एरवी हा रिसेप्टर तापमान साधारण २६ अंशांखाली उतरल्यावर जागा होतो. मेंथॉल त्याचा उंबरठा वर सरकवतं, त्यामुळे शरीराच्या नेहमीच्या तापमानालाही घसा 'गार' असल्याची खबर मेंदूला जाते. गरम वाफ आत येतेय आणि वाटतंय गार. या गारव्याच्या खबरेपुढे जळजळीची खबर फिकी पडते. निकोटिनची मात्रा वाढवत नेलेल्या चाचण्यांत हेच दिसतं: जास्त निकोटिनला वाढणारा खवखवाट मेंथॉल घातलं की कमी जाणवतो. कमी निकोटिनला हा फरक बेताचा असतो, कारण दाबायला फारसं काही नसतंच. म्हणून गारवा आणि जास्त ताकद यांची जोडी सगळ्यात जास्त काम करते. ५० मिलिग्रॅमच्या 'आइस'चं गणित इथे आहे.

मेंथॉलचं काम एवढ्यावर थांबत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने मेंदूतले निकोटिनिक रिसेप्टर वाढल्याचं दिसलं आहे, आणि निकोटिनचं यकृतातलं विघटन ते काहीसं मंदावतं. पण मेंथॉलला पुदिन्याचा वास असतो, थोडा कडवटपणा असतो, आणि फार घातलं तर तेच झोंबायला लागतं. ते आंब्यात बेमालूम मिसळत नाही. इथे डब्ल्यूएस-३ आणि डब्ल्यूएस-२३ ही कृत्रिम कूलंट कामाला येतात. त्यातला 'डब्ल्यूएस' म्हणजे विल्किन्सन स्वोर्ड, दाढीची पाती बनवणारी कंपनी. तिच्यासाठी १९७० च्या दशकात हे रेणू शोधले गेले. त्यांना जवळजवळ वास नाही, पुदिन्याची चव नाही, फक्त गारवा आहे. म्हणून ते आंब्यात, कलिंगडात, कॉफीत, अगदी तंबाखूच्या फ्लेवरमध्येही घालता येतात. आवरणावर 'आइस', 'कूल', 'फ्रॉस्ट' असलं काही दिसलं की ही मंडळी आत आहेत असं धरून चाला. आणि शब्द नसला म्हणजे नाहीत असंही समजू नका. वरची नाकाची चिमूट हा जास्त खात्रीचा पुरावा.

गोडीचा प्रकार गुंतागुंतीचा आहे. बरीचशी 'गोडी' जिभेवर नसतेच, नाकात असते. इथाइल मॉल्टॉलला भाजलेल्या साखरेचा वास येतो आणि मेंदू त्या वासालाच गोड समजतो. खरा स्वीटनर म्हणजे सुक्रॅलोज, साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. तो फारसा उडत नाही, तापला की कॉइलवर, म्हणजे द्रव तापवणाऱ्या तारेवर, जळून काळा, चिकट थर धरतो. कॉइल चार-पाच दिवसांत खराब होत असेल, वाफेला करपट वास येत असेल, तर पहिला संशय सुक्रॅलोजवर घ्यावा. तो तापून मोडतो तेव्हा क्लोरीनयुक्त त्रासदायक संयुगं तयार होतात, शिवाय थर बसलेली कापसाची वात द्रव नीट ओढत नाही. वात कोरडी पडली की द्रवाचा पाया असलेली ग्लिसरिन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल फुटून फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलिन असली अल्डिहाइडं वाढतात. टाकीच्या जुन्या उपकरणांपेक्षा काही पॉडमधून, म्हणजे द्रवाच्या छोट्या कुप्यांमधून, सुक्रॅलोजची गोडी तोंडापर्यंत जास्त पोचते. अलीकडच्या डिस्पोजेबलमध्ये, म्हणजे संपल्यावर फेकायच्या वेपमध्ये, निओटेमही सापडला आहे, तो सुक्रॅलोजच्याही कितीतरी पट गोड असल्याने नखभर पुरतो. गोडीचं काम गारव्यापेक्षा वेगळं: ती खवखव फारशी दाबत नाही, पण कडवटपणा झाकते आणि 'आवडलं' हा गुण वाढवते. आवडलं की झुरका लांबतो.

बाटलीतला द्रव स्वस्थ बसत नाही, हे लोकांना ठाऊक नसतं. व्हॅनिलामधलं व्हॅनिलिन, दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड, चेरीतलं बेंझाल्डिहाइड ही सगळी अल्डिहाइडं. ती प्रॉपिलीन ग्लायकॉलशी साध्या खोलीच्या तापमानाला जोडली जातात आणि ॲसिटल नावाची नवी संयुगं बनतात. ती वाफेत उतरतात आणि जळजळ ओळखणाऱ्या रिसेप्टरना मूळ अल्डिहाइडपेक्षाही जास्त चेतवू शकतात. म्हणून महिनाभर पडलेली व्हॅनिलाची बाटली ताजीपेक्षा वेगळी लागते. निकोटिन 'चढलं' असं वाटतं, पण चढलेलं काही नसतं.

'हे फ्लेवर खाण्यासाठी मान्य आहेत' हा युक्तिवाद ऐकला की सोडून द्या. ती मान्यता गिळण्यासाठीची आहे, श्वासात ओढण्यासाठीची नाही. डायअसिटिल, म्हणजे लोण्याचा वास, खाण्यात निर्धोक. पण २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याच्या वाफेने कामगारांची फुप्फुसं कायमची खराब झाल्याचं उघड झालं.

आता तलफेच्या घंटेकडे येऊ. निकोटिन स्वतः मध्यम ताकदीचं बक्षीस आहे; त्याची खरी करामत अशी की आजूबाजूच्या बाकीच्या सुखद गोष्टींचं मोल ते वाढवतं. प्राण्यांना निकोटिन दिलं की एरवी किरकोळ वाटणाऱ्या दिव्यासाठी किंवा चवीसाठीही ते जास्त मेहनत करतात. म्हणजे फ्लेवर निकोटिनला रुचकर करतो आणि निकोटिन फ्लेवरला मौल्यवान करतं, दोघं एकमेकांची पाठ थोपटत राहतात. त्यात वेळेचा भाग आहे. झुरक्यानंतर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, आणि त्याच्या नेमकं आधी तोंडात आंबा असतो. दिवसातून दोनशे वेळा आंबा, मग निकोटिन. आंबा, मग निकोटिन. मेंदूला यापेक्षा स्वच्छ धडा कोण देणार? काही आठवड्यांत नुसता वास आला तरी हात खिशाकडे जातो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण धूम्रपान करणाऱ्यांना निकोटिन तेवढंच ठेवून फ्लेवरचा आणि बिनफ्लेवरचा असे दोन पर्याय दिले. फ्लेवरच्या झुरक्यासाठी त्यांनी जास्त खटपट केली, आणि मोकळीक मिळाल्यावर सरासरी ४० झुरके फ्लेवरचे घेतले, बिनफ्लेवरचे २३.

सिगारेटशी तुलना केली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. सिगारेट संपते. दहा-बारा झुरके, विझवली, पुढची पेटवायला काहीतरी निमित्त लागतं. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटिन जातं. १० मिलिलिटरच्या ५० मिलिग्रॅमवाल्या डिस्पोजेबलमध्ये एकूण ५०० मिलिग्रॅम असतं आणि त्याला 'संपली' हा क्षणच नाही. घसा 'बस' म्हणाला असता, पण त्याचं तोंड आम्लाने आणि कूलंटने बंद केलंय. टोबॅको फ्लेवरवर दहा-बारा झुरक्यांत नको होतं, ते घशाचं 'बस' अजून ऐकू येतंय म्हणून. तेही बंद झालं की थांबायची सूचना घशाकडून न येता पोटाकडून येते: मळमळ, गरगर, घाम, धडधड. ती उशिरा येते, कारण निकोटिन आधीच रक्तात गेलेलं असतं.

इथे एक उलटी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. घशाचा खवखवाट नवख्याला अडवतो, पण वीस वर्षं सिगारेट ओढलेल्याला तोच हवा असतो. १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत श्वासमार्ग लिडोकेनने बधिर केला तर सिगारेटचं समाधान कमी झालं, आणि नंतर निकोटिन नसलेली, सायट्रिक आम्लाची झोंबणारी फवारणी काही जणांना थोडा वेळ पुरली. त्यामुळे सिगारेट सोडायला ई-सिगारेटकडे आलेल्या माणसाला फ्लेवरचा फायदा वेगळ्या वाटेने होतो: सिगारेटची चव परकी वाटू लागते. निकोटिनच्या ई-सिगारेटने सिगारेट सुटण्याचं प्रमाण निकोटिनच्या पट्टी-च्युइंगगमपेक्षा जास्त असतं, असं कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा सांगतो. एकच गोड फ्लेवर मध्यमवयीन सिगारेटवाल्याला बाहेर काढू शकतो आणि कधीच न ओढलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला आत ओढू शकतो. दोघांना एकच सल्ला देणारा माणूस एकाचं तरी नुकसान करतो.

नियमांची गडबडही 'फ्लेवर' या एकाच पोत्यामुळे होते. जूलने नोव्हेंबर २०१८ मध्ये फळांचे पॉड दुकानांतून काढले. गिऱ्हाईक पुदिन्याकडे सरकलं. वर्षाने पुदिनाही काढला. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) तंबाखू आणि मेंथॉल सोडून बाकी फ्लेवरच्या पॉडवर कारवाई जाहीर केली, पण डिस्पोजेबल त्यातून सुटली, आणि बाजार तिकडे वळला. २०२४ च्या अमेरिकी शालेय पाहणीत वेप करणाऱ्या मुलांपैकी ८७.६ टक्के फ्लेवरवाले होते, आणि निम्म्याहून जास्त जण नावात 'आइस' असलेली उत्पादनं वापरत होते. कॅलिफोर्नियाने २०२२ च्या अखेरीस मेंथॉल सिगारेटवर बंदी घातली, लगेच मेंथॉल नसलेल्या पण डब्ल्यूएस-३ घातलेल्या सिगारेटी आल्या. नियम वासावर लिहिला, गारवा तसाच राहिला. नेदरलँड्सने वेगळी रीत धरली: नावांवर बंदी घालण्याऐवजी फ्लेवरसाठी चालतील अशा १६ पदार्थांची यादी दिली, बाकी सगळं बाद. पळवाट काढायला ती जास्त अवघड जाते.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. आधी एक आठवडा काहीही न बदलता मोजा. रोज किती मिलिलिटर संपतं ते पॉड भरताना लिहा. डिस्पोजेबल असेल तर एक किती दिवस चालली त्यावरून भागाकार करा. मिलिलिटर गुणिले ताकद, हा तुमचा रोजचा आकडा. ५० ची १.५ मिलिलिटर म्हणजे ७५ मिलिग्रॅम. यातलं सगळं शरीरात जात नाही, पण स्वतःची स्वतःशी तुलना करायला हा आकडा पुरतो. सोबत दुसरा आकडा ठेवा: सकाळी उठल्यापासून पहिल्या झुरक्यापर्यंतची मिनिटं. पाच मिनिटांच्या आत असेल तर अवलंबित्व घट्ट आहे, तासाच्या पुढे असेल तर बरंच सैल.

मग सगळ्यात आधी गारवा काढा. ताकद तीच, फळही तेच चालेल, फक्त 'आइस' नको. हा क्रम माझ्या व्यावसायिक मताचा आहे, आणि कारण साधं: घशाचा लगाम परत मिळतो, तुम्ही ठरवण्याआधीच झुरके आखूड होतात. पहिले तीन-चार दिवस खवखव जाणवेल, ती जाणवायलाच हवी. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. ७५ चा आकडा खाली आलेला दिसला की ताकद उतरवा, ५० वरून ३५, मग २०. प्रत्येक पायरीला दोन-तीन आठवडे. २० मिलिग्रॅम ही युरोपीय संघातली कायदेशीर कमाल मर्यादा आहे, म्हणजे बऱ्याच लोकांचं भागतं.

इथे हमखास होणारी चूक ही की ताकद उतरवली आणि द्रव मोजलाच नाही. २० चा द्रव रोज ३.५ मिलिलिटर ओढला तर ७० मिलिग्रॅम झाले. निकोटिन जवळपास तेवढंच, वाफ मात्र दुपटीहून जास्त. ताकद कमी केली की माणसं नकळत जास्त आणि लांब झुरके घेतात, हे प्रयोगांत नीट मोजलेलं आहे, आणि त्या जादा वाफेबरोबर अल्डिहाइडही वाढतात. मिलिलिटर दीडपटीच्या वर गेले तर पायरी फार मोठी झाली. मधली ताकद घ्या, किंवा फरक निकोटिनच्या पट्टीने भरून काढा. दुसरी चूक: निक सॉल्टचा ५० चा द्रव ०.३ ओहमच्या मोठ्या कॉइलवर ६० वॉटला ओढणं. ते उपकरण ३ ते ६ मिलिग्रॅमसाठी असतं. तिथे मळमळ ठरलेली. तिसरी, एकाच वेळी गारवा, फ्लेवर आणि ताकद तिन्ही बदलणं. आठव्या दिवशी माणूस जुन्या बाटलीकडे जातो आणि कशामुळे गेला हे कळत नाही.

फळाचा वास सगळ्यात शेवटी सोडा. पूर्वी सिगारेट ओढत असाल तर ताकद उतरण्याआधी त्याला हात लावू नका. टोबॅको फ्लेवरवर गेल्याने सिगारेटची आठवण ताजी होत असेल तर तो बदल महागात पडेल. कधीच सिगारेट ओढली नसेल तर हा धोका कमी, मग बिनफ्लेवरचा द्रव हा चांगला शेवटचा टप्पा ठरतो, कारण तो कंटाळवाणा असतो. शून्य निकोटिनचा 'मँगो आइस' घेऊन शेवट करायची कल्पना मला आवडत नाही. घंटा वाजती ठेवून गाडी थांबवण्यासारखं आहे ते.

पूर्ण सोडताना पट्टी आणि च्युइंगगम एकत्र वापरता येतात, आणि व्हॅरेनिक्लिन हे औषध डॉक्टरांशी बोलून घेता येतं. १६ ते २५ वयाच्या वेप करणाऱ्यांवरच्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांच्या उपचाराच्या शेवटच्या चार आठवड्यांत व्हॅरेनिक्लिन गटातले ५१ टक्के वेपपासून दूर होते, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्या गटातले १४ टक्के. च्युइंगगमबद्दल एक बारकावा: त्यात आम्ल नसतं, मुद्दाम अल्कली घातलेला असतो, कारण इथे निकोटिन गालातून शोषलं जायचं असतं आणि मोकळं निकोटिनच गाल ओलांडतं. म्हणून गम चावण्याआधीची पंधरा मिनिटं कॉफी, फळांचा रस, सोडा काही पिऊ नका. आम्लाने निकोटिन बांधलं जातं, गाल ओलांडत नाही, गिळलं जातं आणि उचकी तेवढी लागते. दोन-चार वेळा चावून झणझण आली की गालात दाबून ठेवा, ती गेली की पुन्हा चावा.